धंदा तिचा, कागद त्याचे

चंडीगडच्या सेक्टर १७ मध्ये बँक स्क्वेअर नावाचा एक भाग आहे. नावाप्रमाणे तिथे बँकांची मोठमोठी कार्यालयं एकमेकींना खेटून उभी आहेत. रिझर्व्ह बँकेचं प्रादेशिक कार्यालय याच सेक्टरात, स्टेट बँकेचं स्थानिक मुख्यालयही इथेच आणि थकलेल्या कर्जांचे खटले चालवणारं न्यायाधिकरणसुद्धा चालत जाण्याच्या अंतरावर. कर्ज मागण्यापासून ते बुडवून खटला लढवण्यापर्यंत माणसाला सेक्टर ओलांडावा लागत नाही, असं आम्ही बँकेतले लोक चहा पिताना म्हणायचो. हे शहर आखणाऱ्या ले कॉर्बुझिएने या सेक्टरला शहराचं हृदय मानलं होतं. उघड्या काँक्रीटच्या एकसारख्या चार मजली इमारती, मधे ऐसपैस फरसबंद चौक, कारंजं आणि गाड्यांना मज्जाव. शहरातला पैसा इथून फिरतो. तो कुणापर्यंत पोचत नाही, हे मला माझ्या टेबलावरून बरंच जवळून बघायला मिळालं.

मी सातारा जिल्ह्यातली, माहेर फलटणचं. बदलीवर इथे आले, नवऱ्याची नोकरीही इथेच, मुलं इथल्याच शाळेत शिकली आणि निवृत्तीनंतर परत जायचं राहून गेलं. नोकरीतली शेवटची बरीच वर्षं बँक स्क्वेअरमधल्या एका सरकारी बँकेत छोट्या उद्योगांच्या कर्जाच्या टेबलावर काढली. बँकेचं नाव सांगत नाही. जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकानं कुठल्याही बँकेत घडतं.

चंडीगडमध्ये बायकांचा धंदा म्हटला की पहिलं नाव बुटीकचं. आपल्याकडे जशी घरगुती खानावळ किंवा फराळाचा व्यवसाय, तसं इथे सूट शिवून देणारं बुटीक. घराची पुढची खोली, चार शिलाई मशीन, कटिंगला एक मास्टरजी, भरतकामाला एकदोन कारागीर. डिसेंबरात कॅनडा-इंग्लंडहून पाहुणे येतात, लग्नं उरकतात, एकेक बाई दहादहा सूट शिवायला टाकते. त्या हंगामासाठी कापड ऑगस्ट-सप्टेंबरातच भरून ठेवावं लागतं. लुधियाना किंवा सुरतेचा व्यापारी उधारीवर माल देतो, पण उधारीचा भाव वेगळा आणि रोखीचा वेगळा. म्हणजे या बाईला वर्षातून एकदा, तीनचार महिन्यांसाठी, तीनचार लाख रुपये लागतात. ना बंगला बांधायला, ना गाडी घ्यायला. कापड घ्यायला.

अशाच एकीची फाइल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. धंद्याला आठ वर्षं झालेली. वही स्वच्छ, कुणाकडून किती घेतलं, कुणाचं किती येणं, सगळं गुरुमुखीत नीट मांडलेलं. वर्षाची उलाढाल साधारण अठरा लाख. बरोबर नवरा आला होता, पण बोलत ती होती. मी विचारलं, दुकान कुणाच्या नावावर? "दुकान नहीं है मॅडमजी, घर में ही काम है. मकान इनके नाम है, ससुरजी से आया है." पैसे कुठल्या खात्यात येतात? तिनं सहज सांगितलं, "क्यूआर तो इनका लगा रखा है जी." विजेचं बिल सासऱ्यांच्या नावावर, जे वारून पाच वर्षं झाली होती. आयकर विवरणपत्र भरलेलं नव्हतं. स्वतःच्या नावाचं बचत खातं होतं, त्यात गॅसचं अनुदान आणि भावानं दिलेली राखीची रक्कम.

आता नियम काय सांगतो ते बघू, कारण नियम वाईट नाहीत. छोट्या उद्योगाला खेळतं भांडवल किती द्यावं यासाठी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नायक समितीनं एक सोपा हिशेब घालून दिला आणि बँका तो आजही वापरतात. येत्या वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या २५ टक्के ही भांडवलाची गरज धरायची. त्यातले २० टक्के बँकेनं द्यायचे, ५ टक्के धंदेवाल्यानं घालायचे. अठरा लाखांवर हिशेब केला तर गरज साडेचार लाखांची, बँकेचे ३ लाख ६० हजार, तिचे ९० हजार. तारणाचं म्हणाल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जाला सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून तारण मागू नये असं रिझर्व्ह बँकेनं २०१० सालीच बजावलं होतं. कर्ज बुडालं तर बँकेचा बराचसा तोटा भरून देणारा हमी न्यास सरकारनं आणि सिडबीनं २००० साली उभा केला. महिलांच्या कर्जाला त्यात जास्तीची हमी आणि शुल्कात सूट आहे. कागदोपत्री पाहिलं तर या बाईला ३ लाख ६० हजारांची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, मिळायला काहीच हरकत नव्हती.

मग अडतं कुठे? अठरा लाखांची उलाढाल तिच्या वहीत होती, बँकेला दिसेल अशा एकाही कागदावर नव्हती. अर्धी रोखीत, अर्धी नवऱ्याच्या खात्यात. बँकेच्या नजरेनं पाहिलं तर नवऱ्याचा धंदा बरा चालला होता आणि ही बाई गृहिणी होती.

ती फाइल शेवटी झाली, पण नवऱ्याच्या नावानं. तो अर्जदार, ती सहअर्जदार. पैसे आले, कापड आलं, हंगाम झाला, हप्ते तिनंच फेडले. परतफेडीचा चांगला इतिहास मात्र मुख्य कर्जदार म्हणून त्याच्या नावावर जमा झाला. पुढच्या वर्षी लिमिट वाढवायला तोच सही करणार. असं वर्षानुवर्षं चालत राहतं आणि पंधरा वर्षांनी बाई कसलेली धंदेवाली असते, पण कर्जबाजारात नवखी.

शाखाधिकाऱ्याची बाजूही सांगायला हवी. तारणाशिवाय कर्ज द्या असं वरून परिपत्रक येतं, पण ते थकलं की चौकशी सही करणाऱ्याची होते. हमी न्यासाकडून पैसे मिळतात, पण त्यासाठी खातं थकीत ठरवा, नोटिसा काढा, मग क्लेम करा. चार लाखांच्या कर्जासाठी एवढा उपद्व्याप करायचा त्यापेक्षा घराचे कागद मागणं सोपं. तेही कुणी लेखी मागत नाही. "प्रॉपर्टी का कोई पेपर हो तो काम जल्दी हो जाएगा," एवढंच वाक्य तोंडी टाकायचं. समोरची बाई समजायचं ते समजते आणि परत येत नाही. तिचा अर्ज नाकारला गेला असं कुठल्याच तक्त्यात येत नाही, कारण अर्ज घेतलेलाच नसतो. मला विचाराल तर नाकारलेल्या अर्जांहून हे न घेतलेले अर्ज हीच खरी गोम आहे.

या शहराची म्हणून एक वेगळी पंचाईत आहे. पुण्यात किंवा कोल्हापुरात घराच्या पडवीत दुकान थाटलं तर फार तर शेजारी कुरकुरतील. चंडीगड आखलेलं शहर. राहायची जागा राहायला, धंद्याची जागा धंद्याला. १९५२ च्या राजधानी विकास कायद्याखाली राहत्या घराचा वापर बदलला म्हणून एस्टेट ऑफिसची नोटीस येऊ शकते. इथले लोक तिला 'मिसयूज'ची नोटीस म्हणतात. एस्टेट ऑफिसही सेक्टर १७ मध्येच. बँकेला धंद्याच्या पत्त्याचा पुरावा हवा असतो आणि घरून काम करणारी बाई नेमका तोच पुरावा द्यायला घाबरते. बाजारपेठेतल्या एससीओत, म्हणजे दुकान-कम-ऑफिसच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर गाळा भाड्यानं घ्यायचा तर भाडं आणि अनामत भरायलाच आधी कर्ज काढावं लागेल. शहर देखणं आहे, मला आवडतं, पण ते आखताना घरात बसून चार पैसे मिळवणारी बाई कुणाच्या डोळ्यासमोर होती असं वाटत नाही.

मग या बायका पैसा आणतात कुठून? एक तर 'कमेटी'तून. आपली भिशी तीच इथली कमेटी. वीस जणी दरमहा पाचपाच हजार टाकतात, एक लाख जमतात. ज्यात चिठ्ठी निघते ती साधी कमेटी, ज्यात बोली लागते ती बोलीची. हंगामाच्या तोंडावर पैशाची गरज असलेली बोली लावते, बावीस हजार सोडून अठ्ठ्याहत्तर हजार उचलते, सोडलेले बावीस हजार सगळ्याजणींत वाटले जातात. महिन्यांचा हिशेब मांडला तर हा पैसा स्वस्त नाही. पण तो चहा-समोशाबरोबर एका दुपारी मिळतो, त्याला ना पत्त्याचा पुरावा लागतो ना नवऱ्याची सही. घानात 'सुसू', केनियात 'चामा', दक्षिण आफ्रिकेत 'स्टोकवेल' अशी हीच रीत जगभर बायकांनी चालवली आहे. तिच्यात दोष दोनच. कुणी पैसे उचलून बुडवले तर दाद मागायला जागा नाही, आणि वीस वर्षं एकही हप्ता न चुकवलेल्या बाईची ती शिस्त कर्जाचा इतिहास ठेवणाऱ्या सिबिलच्या नोंदीत उमटत नाही.

दुसरी वाट सोन्याची. २०२५ च्या मार्चमध्ये नीती आयोगानं ट्रान्सयुनियन सिबिलसोबत महिला कर्जदारांवर एक अहवाल काढला. २०२४ साली देशातल्या महिलांनी घेतलेल्या कर्जांपैकी ४२ टक्के वैयक्तिक खर्चासाठीची, ३८ टक्के सोनं गहाण ठेवून घेतलेली आणि धंद्यासाठी म्हणून घेतलेली फक्त ३ टक्के. हा ३ टक्क्यांचा आकडा वाचून मला नवल वाटलं नाही. त्या ३८ टक्क्यांत कापड, पीठ, मसाला, ब्यूटी पार्लरची खुर्ची असं बरंच काही लपलेलं असणार. बांगड्या ठेवून माल भरणाऱ्या बायका मी ओळीनं पाहिल्या आहेत. सोन्यावरचं कर्ज तासाभरात मिळतं, हे खरं. पण त्याची नोंद दागिन्यावरचं कर्ज अशीच राहते. धंदा चालतो आणि तो कुठेच दिसत नाही.

देशाच्या पातळीवर चित्र असंच आहे. २०१३ च्या सहाव्या आर्थिक गणनेत महिलांनी चालवलेले सुमारे ८० लाख उद्योग-व्यवसाय नोंदले गेले. त्यांतले ७९ टक्के स्वतःच्या पैशावर उभे होते आणि ८३ टक्क्यांत पगारी माणूस एकही नव्हता. जागतिक बँकेच्या गटातल्या आयएफसी या संस्थेनं २०१४ साली भारतापुरता हिशेब मांडला. महिलांच्या उद्योगांना लागणारा पैसा ८.६८ लाख कोटी रुपये, बँका आणि वित्तसंस्थांकडून मिळणारा २.३१ लाख कोटी, म्हणजे जवळपास तीनचतुर्थांश गरज उघड्यावर. २०१७ मध्ये याच संस्थेनं विकसनशील देशांतल्या महिलांच्या उद्योगांची एकत्रित तूट सुमारे १.७ लाख कोटी डॉलर सांगितली. कायदेही सगळीकडे सारखे नाहीत. काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकात लग्न झालेल्या बाईला २०१६ पर्यंत धंदा नोंदवायला नवऱ्याची परवानगी लागायची. अमेरिकेचं उदाहरण ऐकून आपल्याकडचे लोक चकित होतात. तिथेही धंद्याच्या कर्जासाठी पुरुष नातेवाइकाची सही मागायची मुभा काही राज्यांत होती, ती १९८८ च्या कायद्यानं संपली. आपल्याकडे अशी मुभा देणारा कायदा नाही. कायद्यानं नवऱ्याची सही लागत नाही. ती बँकेला लागते.

उलटी गोष्टही सांगते, कारण ती लपवली तर माझं सांगणं एकांगी होईल. महिलांसाठी सवलत आली की नवऱ्याचे धंदे बायकोच्या नावावर चढतात. इन्स्पेक्शनला गेलं की प्रोप्रायटर बाई आतून चहा घेऊन येते आणि स्टॉक किती आहे हे विचारलं की नवऱ्याकडे बघते. व्याजात पाव टक्का सूट, अनुदान जास्त, म्हणून फर्म तिच्या नावावर. धंदा बुडाला की थकबाकीदारही तीच. कर्जवसुलीच्या न्यायाधिकरणापुढे आयुष्यात कधी गल्ल्यावर न बसलेल्या बायका सहकर्जदार आणि जामीनदार म्हणून उभ्या असतात. छोट्या उद्योगांची नोंदणी करणाऱ्या उद्यम पोर्टलच्या पहिल्या काही वर्षांत नोंदलेल्या उद्योगांपैकी २०.५ टक्के महिलांचे, पण उलाढालीत त्यांचा वाटा १०.२२ टक्के, असं केंद्रीय मंत्रालयानं २०२४ मध्ये सांगितलं. यात खऱ्या किती आणि नावापुरत्या किती, हे कुठलाही आकडा सांगणार नाही. म्हणूनच कर्ज देण्याआधी धंद्याच्या जागी जाऊन अर्धा तास बसावं, या मताची मी आहे. कापडाचा भाव, उधारी, कारागिराची मजुरी विचारली की पाच मिनिटांत कळतं धंदा कुणाचा.

योजनांचा तुटवडा नाही. २०१५ मध्ये छोट्या कर्जांची मुद्रा योजना आली. त्यातली जवळपास ६८ टक्के खाती महिलांची, असं सरकार सांगतं, पण त्यांतला मोठा भाग ५० हजारांपर्यंतच्या 'शिशु' गटातला. २०१६ मध्ये आलेल्या स्टँड-अप इंडियानं १० लाख ते १ कोटीची कर्जं देऊ केली, प्रत्येक शाखेमागे किमान एक महिला, असं उद्दिष्ट ठेवून. पण ती नव्यानं सुरू होणाऱ्या उद्योगालाच. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं मुख्य अनुदानही नव्या युनिटला. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच लाख महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी २ कोटींपर्यंतच्या कर्जाची घोषणा झाली, तीही पहिल्यांदाच धंद्यात उतरणाऱ्यांसाठी. सरकारला फीत कापायला आवडतं. माझ्या त्या बुटीकवालीचा धंदा आठ वर्षांचा होता. शिशु तिला पुरत नव्हतं आणि नव्या उद्योगाच्या योजनांत ती बसत नव्हती. पन्नास हजार आणि दहा लाख यांच्या मधला हा पट्टा मुद्राच्या 'किशोर' आणि 'तरुण' गटांनी भरून काढायचा आहे, आणि बँका तिथेच हात आखडता घेतात. लहान रक्कम गटाच्या जोरावर सूक्ष्म वित्तसंस्था देतात, मोठीला मालमत्ता असते. मधल्या बाईकडे दोन्ही नसतं.

महिलांसाठी वेगळी बँक काढूनही पाहिली. भारतीय महिला बँक १९ नोव्हेंबर २०१३ ला मुंबईत सुरू झाली आणि १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली. काउंटरवर बाई बसली म्हणून कागद मागायची रीत बदलत नाही, असं माझं मत तेव्हाही होतं. मीही काउंटरवरची बाईच होते.

रीत बदलता येते, हे मात्र माझ्या माहेरापासून फार लांब नसलेल्या म्हसवडनं दाखवलं. माण तालुका म्हणजे दुष्काळ, छावण्या, मेंढरं. तिथे फुटपाथवर लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी झोपडीवर प्लास्टिक घालायला पैसे साठवायचे होते आणि रक्कम फार छोटी म्हणून बँका खातं उघडेनात. चेतना गाला सिन्हा यांनी बायकांना घेऊन स्वतःचीच सहकारी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांचे अंगठे होते, सह्या नव्हत्या. बायका लिहायला शिकू लागल्या आणि पुन्हा मुंबईला गेल्या. आम्हाला वाचता येत नसेल, हिशेब येतो, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सुनावलं. कुठल्याही रकमेचं व्याज आम्हाला विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटरशिवाय सांगायला लावा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. त्याआधी अहमदाबादला १९७४ मध्ये इला भट्ट यांच्या पुढाकारानं चार हजार बायकांनी दहादहा रुपये भरून सेवा बँक उभी केली होती. गिरणगावात १९७५ पासून प्रेमा पुरव यांनी खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या विळख्यातून काढून सरकारी बँकेच्या दारात नेलं. आणि लिज्जतच्या सात जणींनी १५ मार्च १९५९ ला गिरगावात पापड लाटायला घेतले ते ८० रुपयांच्या उसनवारीवर.

या सगळ्यांत मला एक गोष्ट ठळक दिसते. बाईच्या मालमत्तेकडे न बघता तिच्या रोजच्या येण्याजाण्याकडे बघितलं गेलं. बँकेनं बाजारात जाऊन तिच्याकडून दररोज दहावीस रुपये गोळा केले की ती नोंदच तिची पत ठरते. आज तर यूपीआयमुळे प्रत्येक विक्रीची नोंद आपोआप होते. वर्षभराच्या अशा नोंदींवर कर्ज देणं बँकांना अशक्य नाही. पण ती नोंद तिच्या खात्यात हवी, आणि इथे पुन्हा घरातल्या कागदांशीच येऊन थांबतो आपण.

घर-जमीन कुणाच्या नावावर हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्ती मोहिमेतून विचारला होता. ज्या गावातल्या शंभर घरांनी जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावावर केला ते गाव लक्ष्मीमुक्त. आता महाराष्ट्रात २०२१ पासून महिलेच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, पंजाब-हरियाणातही सवलत आहे. पैसे वाचतात म्हणून का होईना, बायकांची नावं खरेदीखतावर येऊ लागली. त्यातल्या बऱ्याच घरांवर पुढे कर्ज निघतं ते नवऱ्याच्या धंद्याला, हेही मी पाहिलं. तरी कागद तिचा असला की निदान तिला विचारावं लागतं.

कागदासारखाच प्रश्न जागेचाही आहे. सेक्टर १७ च्या चौकात एकेकाळी फेरीवाल्यांची रांग असायची, त्यात बायकाही. पथविक्रेता कायदा २०१४ चा. त्याखाली झालेल्या आखणीत हा सेक्टर ना-फेरीवाला क्षेत्र ठरला आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्यांना इथून हलवून दुसऱ्या जागा दिल्या. पुढच्याच वर्षी जून महिन्यात फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधीची १० हजारांची कर्जं आली, तारणाशिवाय. पुढे ती फेडली की २० हजार, मग ५० हजार मिळत. देशभरात त्यांतल्या चाळीस टक्क्यांहून अधिक कर्जदार महिला आहेत. योजना चांगली आहे, आतापर्यंतच्या योजनांत मला सगळ्यात पटलेली. पण दहा हजारांनी माल भरता येतो, गिऱ्हाईक भरता येत नाही. चौकात बसणाऱ्या बाईची पत तिच्या जागेत होती. ती जागा गेली की कर्ज नुसतं ओझं होतं.

निवृत्तीनंतरही ओळखीच्या बायका विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना जे सांगते तेच वाचणाऱ्या मैत्रिणींना सांगते. धंदा छोटा असला तरी पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावाचं चालू खातं काढा आणि क्यूआर त्याचाच लावा. नवरा कितीही भला असू दे, विक्रीचा पैसा त्याच्या खात्यात जाऊ देऊ नका. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे, एजंटाला पैसे देऊ नका. कर लागत नसला तरी विवरणपत्र भरा, दोन वर्षांची विवरणपत्रं हाच तुमचा सातबारा. सोनं ठेवायचंच तर ठेवा, पण त्याच वर्षी पन्नास हजारांचं का होईना धंद्याच्या नावानं एक कर्ज घ्या आणि वेळेत फेडा. नवऱ्याच्या कर्जाला सही करण्याआधी कागद वाचा, सहअर्जदार म्हणजे साक्षीदार नव्हे. आणि बँकेत गेलात की तोंडी बोलून परत फिरू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, पोच देणं बँकेवर बंधनकारक आहे. २५ लाखांपर्यंतच्या अर्जाचा निर्णय १४ कामकाजाच्या दिवसांत द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तारण मागितलं तर ते कुठल्या नियमाखाली, हे शांतपणे विचारा. नकार आला तर कारण लेखी मागा, आणि मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.